कावीळ झालेल्या मांजराला ताकभात नको

माणसाला कावीळ झाली की घरात तेल-तूप, मासे, मटण बंद होतं आणि ताटात मऊ भात, ताक येतं. हेच पथ्य मायेपोटी मांजराच्या वाटीतही जातं, आणि तिथे घात होतो.

पुण्यातल्या एका ओळखीच्या घरचा बोका चांगला गुबगुबीत होता. घर बदललं तसा तो बिथरला, पलंगाखाली जाऊन बसला, वाटीला तोंड लावेना. भूक लागली की खाईल, असं घरच्यांना वाटलं. पण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी अंगातली चरबी यकृतात साचू लागते, मळमळ वाढते आणि ते आणखीच खाईनासं होतं. बोक्याच्या हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळी दिसल्यावर ताकभात सुरू झाला. त्याने तो चाटलाही नाही.

डॉक्टरांनी मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली. घरचे हादरले, पण या आजारात अन्न हेच मुख्य औषध. भरपूर प्रथिनांचं, पातळ केलेलं मांजराचं अन्न दिवसातून चार-पाच वेळा नळीतून जाऊ लागलं. आधी अगदी थोडं, मग हळूहळू वाढवत. उपाशी शरीरात एकदम पूर्ण खुराक गेला तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येतं. काही आठवड्यांनी बोका आपणहून पोटभर खाऊ लागला, तेव्हाच नळी निघाली.

मांजर जन्मजात मांसाहारी आहे. आर्जिनिन हा प्रथिनांतला घटक नसलेलं एक जेवणही त्याच्या रक्तातला अमोनिया वाढवू शकतं. म्हणून यकृताच्या आजारात प्रथिनं सरसकट तोडणं चूकच.

ती कमी करायची वेळ येते, पण अमोनियाचा परिणाम मेंदूवर झाला तरच: मांजर किंवा कुत्रं भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, गोल फिरतं, लाळ गाळतं. तेव्हाही प्रमाण डॉक्टरच ठरवतात. अशा कुत्र्यांना लाल मांसापेक्षा अंडं, पनीर, सोयाबीन जास्त मानवतं.

कुत्र्यांच्या काही जातींत यकृतात तांबं साठतं. बेडलिंग्टन टेरियरमध्ये तो आनुवंशिक दोष आहे. लॅब्राडॉर आणि डॉबरमनमध्येही हा आजार आढळतो. ताकद यावी म्हणून त्यांना खाटकाकडची कलेजी खाऊ घालणारे बरेच असतात. कलेजीत तांबं भरपूर असतं, तेव्हा या कुत्र्यांना ती पूर्ण बंद.

आणि घरातलं पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. मांजराने दिवसभरात काहीच खाल्लं नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठा.