जुन्या संगणकावरील राखीव प्रतींचे स्थलांतर

विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली २००१ साली बाजारात आली आणि महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ती पहिल्यावहिल्या संगणकाबरोबरच दाखल झाली. त्या संगणकावर कोणी लग्नपत्रिकेचा मसुदा जुळविला, कोणी ऊसतोडीचा आणि बागायतीचा जमाखर्च मांडला, तर कोणा निवृत्त शिक्षकाने आपल्या गावाचा इतिहास दोनशे पाने होईतो टंकलिखित केला. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने या प्रणालीचे सुरक्षासाहाय्य थांबविले. तरीही आच्छादनाखाली झाकलेला तो संगणक अनेक घरांच्या कोपऱ्यात अद्याप उभा आहे. घरात नवा संगणक आला, की जुन्यावरील फाइलींची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, काढून नव्यावर ठेवली जाते आणि काम संपले असे मानले जाते. वस्तुतः ते तेथे संपत नाही. फाइल नव्या संगणकावर उघडली आणि तिच्यातील मजकूर वाचता आला, तरच स्थलांतर झाले असे म्हणता येईल. मराठी मजकुराच्या बाबतीत तर हा भेद फारच महत्त्वाचा आहे.

जुन्या यंत्राची प्रकृती

दीर्घकाळ बंद असलेला संगणक सुरू केल्यावर प्रथम त्याचे घड्याळ पाहावे. मुख्य फलकावर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली असल्यास दिनांक कित्येक वर्षे मागे गेलेला आढळतो. तो न सुधारता काम केल्यास नव्याने जतन होणाऱ्या फाइलींवर चुकीची तारीख पडते आणि पुढे दोन प्रतींपैकी अलीकडची कोणती, हे ठरविणे कठीण होते.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालविण्याच्या भरीस पडू नये. त्या प्रोग्रॅमचा ताण दुबळ्या डिस्कला सोसत नाही. अशा वेळी जे परत मिळणार नाही ते आधी उतरवून घ्यावे. गाणी व चित्रपट मागाहून पाहता येतील.

अशा संगणकाला इंटरनेटची जोडणी मुळीच देऊ नये. त्या काळी पेन ड्राइव्हमधून पसरणारे विषाणू अशा संगणकांवर सर्रास आढळत. त्यामुळे आणलेल्या प्रतीची तपासणी नव्या संगणकावरील विषाणुरोधक प्रोग्रॅमकडून करून घ्यावी आणि मगच फाइली उघडाव्यात.

काय न्यावे आणि कशातून न्यावे

‘माय डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर उचलला म्हणजे सारे आले, ही समजूत चुकीची आहे. आउटलुक एक्सप्रेसमधील जुनी पत्रे ‘डीबीएक्स’ प्रकारच्या फाइलींत, एरवी नजरेस न पडणाऱ्या फोल्डरमध्ये असतात. हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती बहुधा त्या त्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये साठते. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरची प्रत तर अवश्य घ्यावी. तिचे कारण पुढे येईलच.

ज्यांनी पूर्वी शिस्तीने बॅकअप घेतला, त्यांच्यापुढे निराळीच अडचण उभी राहते. एक्सपीबरोबर येणारा बॅकअपचा प्रोग्रॅम सर्व फाइली एकत्र बांधून ‘बीकेएफ’ प्रकारची एकच मोठी फाइल तयार करीत असे. पुढच्या विंडोज प्रणालींतून हा प्रोग्रॅम वगळण्यात आला. त्यामुळे ते गाठोडे नव्या संगणकावर पोचते खरे, पण तेथे सोडता येत नाही. जुना संगणक चालू आहे तोवरच त्यावर हे गाठोडे उलगडून त्यातील फाइली सुट्या करून घेणे, हाच यावरचा सोपा उपाय होय.

पेन ड्राइव्ह अनेकदा फॅट-३२ या रचनेत आखलेला असतो. या रचनेत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. ३२ गिगाबाइटचा ड्राइव्ह रिकामा असूनही फाइल घेत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. एक्सपी आणि नवी विंडोज या दोहोंना चालणारी एनटीएफएस रचना अशा कामास योग्य होय. मात्र ड्राइव्ह नव्याने आखताना त्यावरील आधीचे सारे पुसले जाते, हे विसरू नये.

वेळेचाही अंदाज आधीच असावा. फार जुन्या संगणकाचा यूएसबी मार्ग पहिल्या पिढीचा असतो व त्यातून सेकंदाला सुमारे १ मेगाबाइटच माहिती जाते. या गतीने ४० गिगाबाइट उतरावयास अकरा तास लागतात. त्यापेक्षा हार्ड डिस्क बाहेर काढून, स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या परिवर्तकाच्या साहाय्याने ती नव्या संगणकास जोडणे बरे. एक्सपी मुळीच सुरू होत नसेल तर हाच मार्ग उरतो. नवा संगणक काही फोल्डर उघडण्यास नकार देईल. तेव्हा प्रशासक खात्यातून त्या फोल्डरची मालकी घ्यावी लागते. एक्सपीवर ज्या फाइलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसत, त्यांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. त्या सांकेतिक कुलपात असतात आणि त्यांची किल्ली जुन्या खात्यापाशी असते. हे कुलूप जुन्या संगणकावरच, त्याच खात्यातून, आधी काढून ठेवावे.

मराठी मजकुराचा खरा प्रश्न

एवढे सारे निर्वेध पार पडले आणि शिक्षकांनी गावाच्या इतिहासाची फाइल नव्या संगणकावर उघडली, तरी पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि टिंबे यांचा अर्थहीन काला दिसण्याचा संभव असतो. फाइल बिघडली असे समजून ती टाकून दिली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. फाइल शाबूत असते, केवळ फॉन्ट नसतो.

युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीच्या पहिल्याच, म्हणजे १९९१ च्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि विंडोजमध्ये देवनागरीची सोय प्रथम विंडोज २००० मध्ये झाली आणि ती रुळण्यास आणखी बराच काळ गेला. दरम्यान श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरने मराठी टंकलेखनाची गरज भागविली. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. फाइलीत साठे ते रोमन अक्षराचे चिन्ह, डोळ्यांना दिसे तो मराठी आकार.

म्हणून पहिले काम सोपे आहे. जुन्या संगणकावरील तोच फॉन्ट नव्या संगणकावर बसवावा. मजकूर जसाच्या तसा दिसू लागतो. लगेच त्याची पीडीएफ प्रत करून ठेवावी, म्हणजे पानाचे मूळ रूप कायम राहते. फॉन्टच्या परवान्याच्या अटी मात्र पाहाव्यात.

दुसरे काम युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे. त्यावाचून त्या मजकुरात शब्द शोधता येत नाही, की नावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही. रूपांतराचे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. परंतु प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यास चालत नाही. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठत. ‘किरण’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व क नंतर येई. युनिकोडमध्ये क आधी येतो. ‘धर्म’मधील रफार जुन्या पद्धतीत म नंतर, तर युनिकोडमध्ये म पूर्वी येतो. ही उलटापालट करताना प्रोग्रॅम चुकतो तो नेमका जोडाक्षरांत, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील खास मराठी वळणाच्या र मध्ये. मजकुरात मधूनच इंग्रजी शब्द असतील तर सरसकट रूपांतरात त्यांचीही निरर्थक मराठी अक्षरे होतात. यास्तव रूपांतरित प्रत पीडीएफ प्रतीशेजारी ठेवून एकदा मुद्रितशोधकाच्या नजरेने वाचून काढणे आवश्यक आहे. दोनशे पानांस चार-सहा दिवस लागतील, पण पुन्हा टंकलेखनास महिने लागले असते.

जुना संगणक केव्हा काढावा

प्रती पोचल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकारमान जुळवून पाहावे आणि प्रत्येक प्रकारच्या थोड्या फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. महत्त्वाच्या संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर, नातलगाकडे वा अन्यत्र असावी. मूळ फाइलही रूपांतरित फाइलीबरोबर ठेवावी, कारण उद्या अधिक चांगला प्रोग्रॅम हाती येऊ शकतो.

हे सारे होईपर्यंत जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नये. तो देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा तिच्यावरील माहिती पुनर्लेखन करणाऱ्या प्रोग्रॅमने नष्ट करावी. फाइली नुसत्या पुसल्याने बँकेची व आधारची कागदपत्रे परत काढता येतात. उरलेला सांगाडा केंद्र शासनाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे जावा, अशा रीतीने सोपवावा.