जोर कुणाचा, ते आधी बघ

नमण्याची इंग्रजी क्रियापदं नुसती घोकू नकोस, बाळा. वाक्य लिहिण्याआधी एवढंच बघ: जोर कुणाचा आहे, आणि त्यापुढे वाकतंय ते माणूस की वस्तू?

पुण्याच्या तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानासमोर मूल फतकल मारतं. आई नाही-नाही म्हणते आणि शेवटी पर्स उघडते. तिथं 'गेव्ह इन'. कशापुढे नमली ते सांगायचं तर 'टू' हवाच: 'शी गेव्ह इन टू हिज डिमांड'. 'टू' गाळून पुढे थेट कर्म चिकटवायची खोड मोड. (वही जमा करायलाही इंग्रज 'गिव्ह इन' म्हणतात, ते प्रकरण वेगळं.)

धरणाला मन नसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती, तरी पाण्यापुढे भराव टिकला नाही. मागोमाग खडकवासलाही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. इथं लिहायचं 'द डॅम गेव्ह वे'. 'गेव्ह इन' लिहिलंस तर धरणानं पाण्याशी रात्रभर वाटाघाटी केल्यासारखं वाटेल! रस्त्यावरचा लाल काठाचा उलटा त्रिकोणही 'गिव्ह वे'च सांगतो, म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ दे. पुण्यात तो वाचतं कोण म्हणा.

'गिव्ह अप' आलं की काय सोडलं ते सांगायचं. येरवड्याचंच घे. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी तिथल्या तुरुंगात उपोषण सुरू केलं, २४ तारखेला पुणे करार झाला. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, तिथं 'गेव्ह अप'; आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळवल्या. 'आंबेडकर गेव्ह इन' असं तीन शब्दांत उरकणारे पुष्कळ आहेत. गांधीजींच्या प्राणांचं ओझं बाबासाहेबांवर येऊन पडलं होतं, तेव्हा ते वाक्य अगदीच खोटं नाही. पण काय सोडलं, बदल्यात काय घेतलं, यातलं काहीच त्यात येत नाही. मी पेपर तपासत असतो तर त्याला पूर्ण गुण दिले नसते.

आणि सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'गेव्ह देम अप'. 'गेव्ह अप देम' कधीच नाही. एवढं मात्र पाठच कर.