नवे मीटर प्रीपेड आहे का?

प्रश्न : आमच्या चाळीत नवे वीजमीटर बसवले. रिचार्ज संपला की रात्री-अपरात्री वीज जाईल, अशी आईला धास्ती आहे. हे मीटर प्रीपेड आहे का?

उत्तर : आईंना सांगा, सध्या तशी भीती नाही. केंद्राने 2021 मध्ये आणलेल्या योजनेत स्मार्ट प्रीपेड मीटरच अभिप्रेत होते. राज्यात विरोध झाला आणि जून 2024 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना ते बसवणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर घरोघरी लागलेली ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारी) मीटर पोस्टपेड आहेत. आधी वापर, मग बिल. तरी दरमहा बिल येते ना, हे बघाच.

प्रीपेड आणि पोस्टपेडमधला खरा फरक कायद्यात आहे, आणि तो लोकांना कुणी समजावून सांगत नाही याचे मला वाईट वाटते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. रक्कम वादात असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वीज तोडता येत नाही. प्रीपेडमध्ये पैसे आधीच गेलेले असतात, त्यामुळे ही सवड उरतेच कुठे? त्या बदल्यात कलम 47 प्रमाणे सुरक्षा ठेव मात्र द्यावी लागत नाही.

बिल अचानक फुगले तर लेखी तक्रार करा. वीज ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार वीज कंपनीला पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून ते किमान तीन महिने ठेवावा लागतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.