एकाच पिकावर भिस्त नको

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या कॉफी जिल्ह्यात पूर्वी शेतकऱ्यांची सारी भिस्त कपाशीवर असे. १९१५ च्या सुमारास तेथे बोंडे पोखरणारा भुंगा आला. त्याची मादी पात्यांत व बोंडांत अंडी घालते. अळ्या आतील भाग खातात व पाती गळतात. कापूस बुडाला, कर्ज मात्र राहिले. १९१६ साली एका कर्जबाजारी शेतकऱ्याने भुईमूग पेरला. या पिकावर तो भुंगा जगत नाही. शिवाय भुईमुगाचा बेवड चांगला. त्याचे भरघोस पीक पाहून शेजाऱ्यांनी त्याच्याकडूनच बियाणे नेले. जिल्हा सावरला. १९१९ साली तेथील एंटरप्राइज गावाने चक्क त्या भुंग्याचे स्मारक उभारले.

ग्रामसेवकांनी ध्यानी घ्यावे : शंभर व्याख्यानांहून शेजाऱ्याचे एक शेत अधिक पटते. शेतकरी बंधूंनी मात्र फेरपालटीसाठी किडीची वाट पाहू नये.