सोडियम कापताना घ्यावयाची दक्षता

१८०७ साली डेव्हीने विजेच्या साहाय्याने वेगळा केलेला सोडियम सुरीने मेणासारखा कापला जातो. त्याच्या या मऊपणामुळेच शिक्षक बेसावध राहतो. चष्मा लावून, घासलेटातील तुकडा कोरड्या चिमट्याने काढावा, टिपकागदाने टिपावा व कोरड्या फरशीवर कापावा. बोट लावू नये. घामाचा ओलावाही पुरे होतो. पाण्यात टाकावयाचा तुकडा मुगाएवढाच असावा. खरी भीती उरलेल्या कणांची! ते मोरीत वा केरात न टाकता पुन्हा घासलेटात ठेवावेत. पेट घेतल्यास पाणी न ओतता कोरडी वाळू टाकावी. पोटॅशियमवर पिवळट पुटे चढली असल्यास मात्र सुरी लावूच नये. त्या पुटांमुळे कापतानाच स्फोट होऊ शकतो. तशी जुनी बाटली न हलविता महाविद्यालयाच्या रसायनशाळेस कळवावे.