पाइपच्या कामातील अक्षरे समजून घेऊ या



डहाणू, तलासरी, जव्हारकडची आपली मुले आयटीआय करून तारापूर, हजिरा, जामनगरच्या कामांवर वेल्डर किंवा पाइप फिटर म्हणून जातात. त्यांच्या हाती जो कागद पडतो त्यात अर्धी अक्षरे एबीसीडीची असतात, आणि घरची माणसे तो घेऊन माझ्याकडे येतात : "सर, यात काय लिहिले आहे?" मी अनेक वर्षे याच कामात काढली. सगळी अक्षरे सांगायची तर हा अंकही पुरणार नाही. ज्यांच्यावर मजुरी आणि जीव अवलंबून असतो, तेवढीच घेतो.

आधी माप. 'दोन इंची पाइप' म्हणतात त्याला पट्टी लावून पाहा, दोन इंच कुठेच भरत नाहीत. बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर येतो. 'एनबी' म्हणजे नॉमिनल बोअर, नुसते नावाचे माप. ५० एनबी म्हणा की दोन इंची म्हणा, पाइप तोच. बारा इंचांपर्यंत हा घोळ राहतो. चौदा इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचा व्यास, म्हणजे 'ओडी', एक होतात. 'शेड्यूल' म्हणजे जाडीचा दर्जा. दोन इंची शेड्यूल ४० ची भिंत ३.९१ मिलिमीटर, शेड्यूल ८० ची ५.५४. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, जाडी आतल्या बाजूला वाढते. म्हणून पाइपवरचा शिक्का वाचल्याशिवाय उचलायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

मजुरी इथेच ठरते. ठेकेदार 'इंच-डाया'वर हिशेब करतो. सहा इंची एक जोड म्हणजे सहा इंच-डाया, दोन इंची दहा जोड म्हणजे वीस. या मोजणीत जाडी धरलेली नाही. जाड भिंतीच्या सहा इंची जोडाला पातळ जोडाच्या दुप्पट वेळही लागेल, पण इंच-डाया सहाच. काही ठेक्यांत जाडीप्रमाणे दर वाढवून मिळतो. तो आहे का, हे काम धरण्याआधी विचारायचे. महिनाअखेरीस विचारून उपयोग नसतो.

आता ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते ते 'सिक्स-जी'. 'जी' म्हणजे ग्रूव्ह, दोन पाइपांची तोंडे तिरपी कापून मध्ये होणारी खाच. आकडा पाइप कसा ठेवला आहे ते सांगतो. वन-जीमध्ये पाइप आडवा असतो आणि फिरवता येतो. वेल्डर वरूनच काम करतो. टू-जीमध्ये पाइप उभा. फाइव्ह-जीमध्ये आडवा, पण जागचा हलत नाही, तेव्हा डोक्यावरचे, उभे, सपाट सगळे वेल्डिंग एकाच जोडात येते. सिक्स-जीत पाइप ४५ अंशांत तिरका आणि घट्ट बांधलेला. जो यात पास होतो त्याला बाकीच्या पोझिशनची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र पद्धत, जाडी आणि व्यास यांची मर्यादा राहते.

ती मर्यादा 'डब्ल्यूपीक्यू' या कागदावर असते. ही वेल्डरच्या हाताची परीक्षा. 'डब्ल्यूपीएस' वेगळे : जोड कसा करायचा, कोणता रॉड, किती करंट, याची लेखी कृती. दोन्हींत नेहमी गल्लत होते. अमेरिकेच्या एएसएमई संहितेच्या नवव्या विभागाप्रमाणे, सहा महिने त्या पद्धतीने वेल्डिंग केले नाही तर वेल्डरची पात्रता संपते. म्हणून सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगतो, डब्ल्यूपीक्यूची झेरॉक्स आणि शेवटच्या कामाच्या तारखांची नोंद मागून आण. नव्या कंपनीत बहुधा पुन्हा टेस्ट होते, तरी जवळ कागद असलेला माणूस वेगळा दिसतो.

पद्धतींची नावे कागदावर एक आणि शॉपमध्ये दुसरी असतात. 'एसएमएडब्ल्यू' म्हणजे आपले रॉडचे साधे आर्क वेल्डिंग, 'जीटीएडब्ल्यू' म्हणजे टिग. पुष्कळ ठिकाणी मुळाचा पहिला थर, 'रूट', टिगने भरतात आणि वरचे थर ई-७०१८ रॉडने. त्यातले ७० म्हणजे ताकद, दर चौरस इंचाला किमान ७०,००० पाउंड. शेवटची अक्षरे सांगतात की हा लो-हायड्रोजन रॉड आहे. हवेतली ओल शोषली की तोच रॉड वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि काम थंड झाल्यावर आतून तडा जातो. पावसाळ्यात उघडा ठेवलेला ७०१८ म्हणून वापरायचा नाही. रॉड गरम ओव्हनमधूनच घ्यायचा.

तपासणीची अक्षरे सोपी आहेत. 'पीटी'त लाल रंग लावून वरची भेग शोधतात, 'यूटी' ध्वनिलहरींनी आत पाहते, 'आरटी' म्हणजे रेडिओग्राफी. रात्री आरटी चालू असताना दोरी बांधून पिवळ्या फलकावर काळी तीन पाती काढलेली असतात. त्या दोरीच्या आत चहाचा डबा राहिला असला तरी जायचे नाही. किरण दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो.

तसाच न दिसणारा एक वायू आहे. स्टेनलेस स्टीलच्या पाइपमध्ये रूट भरताना आतून आर्गन सोडतात, त्याला 'पर्जिंग' म्हणतात. आर्गन हवेपेक्षा जड असतो, पाइपच्या तळाशी साचून राहतो आणि ऑक्सिजनला जागा देत नाही. गुदमरल्याची जाणीवही न होता माणूस खाली पडतो, आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही. मोठ्या पाइपच्या तोंडाशी 'पर्ज' अशी पाटी असेल तर रूट पाहायलासुद्धा डोके आत घालायचे नाही. आत जायचे तर 'पीटीडब्ल्यू', म्हणजे कामाचा लेखी परवाना हवा, मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर दिसायला हवा, आणि बाहेर एक माणूस उभा हवा. मुकादम घाई करत असेल तर त्याला परवान्यावर सही करायला सांगावे. बहुतेक वेळा घाई तिथेच थांबते.