परसातील वांगी आणि कुटुंबाचे सकस जेवण

मुंबईच्या उपनगरांत, गोरेगावच्या पूर्वेस, आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली व शहरातील तबेल्यांतील म्हशी तेथे आणण्यात आल्या. वसाहतीच्या पूर्वीपासून या परिसरात वारली, कोकणा व मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. पाड्यांतील अनेक कुटुंबे घराभोवतीच्या जमिनीच्या तुकड्यांत भाजीपाला पिकवितात. अशा परसात वांगे हे हमखास येणारे पीक होय. चांगले कुजलेले शेणखत मिळाल्यास वांग्याचे झाड अनेक महिने फळे देत राहते.

परंतु परसात वांगी पिकली म्हणजे ताटात पोषण आले असे नव्हे. वांग्यात दहा भागांपैकी नऊ भागांहून अधिक पाणी असते. केवळ भात व वांग्याचे पातळ कालवण खाल्ल्याने पोट भरते, पण वाढत्या मुलांस व गरोदर स्त्रियांस लागणारी प्रथिने व लोह पुरेसे मिळत नाही. ही उणीव वांग्यात भरावयाच्या मसाल्याने, भातात घालावयाच्या कडधान्याने व जोडीच्या चटणीने भरून काढता येते. म्हणून भरली वांगी, वाल घातलेला मसालेभात व कारळ्याची चटणी असा बेत सुचविला आहे. पुढील प्रमाण पाच माणसांचे आहे.

वांग्यांची निवड

वांगी लहान, कोवळी, चकचकीत व हिरव्या देठाची घ्यावीत. जून वांग्यात बिया फार असतात व ते कडवट लागते. ज्यावर छिद्र दिसेल ते वांगे शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीने धरलेले समजावे. देठ राखून वांग्यास उभे चार छेद दिले म्हणजे आतील भागही तपासता येतो. किडके वांगे उकिरड्यावर किंवा झाडाखाली टाकू नये. अळी तेथेच कोष करते व नवी पिढी पुन्हा पिकावर येते. असे फळ व सुकलेला शेंडा तोडून खोल पुरावा. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेवल्यास काळी पडत नाहीत.

अळीच्या भीतीने तोडणीच्या आदल्या दिवशी विषारी औषध फवारणे अत्यंत धोक्याचे आहे. नुसत्या धुण्याने सर्व विष जात नाही. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे औषधाच्या वेष्टनावर दिलेले असते; ते पाळावेच. परसबागेत किडके शेंडे दर आठवड्यास काढणे, कामगंध सापळे लावणे व ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे हे उपाय आधी करावेत. अर्कासाठी अर्धा किलो निंबोळीचे चूर्ण थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळावे व पाणी घालून एकूण १० लिटर द्रावण करावे.

भरली वांगी

अर्धा किलो वांग्यांस भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट १ वाटी, भाजलेले तीळ २ चमचे, किसून भाजलेले सुके खोबरे पाव वाटी, बारीक चिरलेला कांदा १, गोडा मसाला २ चमचे, तिखट १ चमचा, थोडी हळद, चिंचेचा कोळ २ चमचे, सुपारीएवढा गूळ व चवीपुरते मीठ घ्यावे. सर्व कालवून वांग्यांत भरावे. तेलात मोहरी व हिंगाची फोडणी करून वांगी अलगद सोडावीत, उरलेला मसाला व १ वाटी गरम पाणी घालावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे २० ते २५ मिनिटे शिजवावीत. झाकण ठेवल्याने सरपणही वाचते.

शेंगदाणे निवडताना विशेष दक्षता घ्यावी. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांस बुरशी येते. या बुरशीचे विष यकृतास अपाय करते व भाजल्यानेही ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. खवट, काळसर किंवा बुरसलेले दाणे टाकूनच द्यावेत. ते जनावरांसही घालू नयेत.

मसालेभात

तांदूळ २ वाट्या धुऊन निथळत ठेवावेत. मोड आलेल्या वालाच्या सोललेल्या डाळिंब्या १ वाटी व चिरलेली तोंडली १ वाटी घ्यावी. फोडणीत तमालपत्र, दोन लवंगा, हळद व हिंग घालून डाळिंब्या व तोंडली परतावीत. नंतर तांदूळ, गोडा मसाला २ चमचे व मीठ घालून ४ वाट्या उकळते पाणी ओतावे व झाकून शिजवावे. तांदळाच्या प्रथिनात जे कमी असते ते कडधान्यात असते व कडधान्यातील उणीव तांदूळ भरून काढतो. म्हणून दोन्ही एकत्र खाणे हितावह होय.

कारळ्याची चटणी

अर्धी वाटी कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. गार झाल्यावर लसणाच्या ६ पाकळ्या, १ चमचा तिखट व मीठ घालून कुटावेत. तीळ व कारळे यांपासून चुना व लोह मिळते. जेवताना ताटात लिंबू पिळावे. त्यामुळे धान्य व भाज्यांतील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास मात्र ते कमी लागते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

प्रात्यक्षिक पाड्यातच, तेथील चुलीवर व तेथील भांड्यांत करावे. प्रथम चटणी, नंतर वांगी, शेवटी भात असा क्रम ठेवल्यास जेवण गरम वाढता येते. चांगली वांगी बाजारात व उरलेली घरात ही रीत बहुतेक ठिकाणी आढळते. प्रत्येक तोड्यातील एका जेवणापुरती निरोगी वांगी प्रथम घरासाठी बाजूस काढावीत व मग पाटी भरावी, हे कुटुंबातील स्त्री व पुरुष या दोघांसही पटवून द्यावे.